एकाला सात: गोली, कोच आणि आपली हॉकी

ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित अवतार. बोलताना जे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' येतं ते बरंचसं कापलंय. थोडं राहिलं असेल तर समजून घ्या.

आजचा विषय माझ्या रागातून आलाय. जून २०२५ मध्ये भारताची पुरुष हॉकी टीम प्रो लीगसाठी युरोपात होती. नेदरलँड्सकडून दोनदा हरलो, अर्जेंटिनाकडून दोनदा, ऑस्ट्रेलियाकडून दोनदा. मग बेल्जियमनं सहा गोल घातले. ओळीनं सात पराभव. आणि चिडचिड कशाची, तर या सातपैकी सहा मॅच फक्त एका गोलनं गेल्या. १-२, २-३, ३-४, १-२, २-३, २-३. ऑलिम्पिकची दोन सलग ब्राँझ घरात असलेली टीम, आणि शेवटच्या पाच मिनिटांत काहीतरी विचित्र करून बसायची.

मी शिरोली एमआयडीसीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आमचं काम म्हणजे फाउंड्र्यांसाठी उत्पादन आणि रिजेक्शनचा हिशेब ठेवणारी सिस्टिम. त्या आठवड्यात मी रोज सकाळी हायवेकडच्या टपरीवर चहा घेताना कोच क्रेग फुल्टनला शिव्या घालत होतो. ऐकायला एकच माणूस होता. माझा शाळेतला मित्र. एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, फायनल इन्स्पेक्शनला. शाळेत तो आमच्या हॉकी टीमचा गोलकीपर होता, म्हणून आजही त्याचं नाव गोलीच. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तो वैतागला.

"मर्दा, तू रोज शेवटचाच गोल सांगतोस. बॉल आला कुठनं ते सांग की."

मी काहीतरी बोललो आणि विषय बदलला. पण ते डोक्यात राहिलं. मग मी आपल्या हॉकीचे जुने पराभव काढून बसलो. त्यातून हा एपिसोड झाला.

सुरुवात अर्थातच १ डिसेंबर १९८२.

दिल्लीचे एशियन गेम्स. देशात रंगीत टीव्ही नुकताच आलेला, आणि तो आलाच मुळी या स्पर्धेच्या निमित्तानं. हॉकीची फायनल भारत विरुद्ध पाकिस्तान, नॅशनल स्टेडियमवर. पंतप्रधान इंदिरा गांधी मॅच बघायला आलेल्या. भारताचा कॅप्टन झफर इक्बाल. निकाल पाकिस्तान ७, भारत १. तुमच्या घरात साठीच्या आसपासचं कुणी असेल तर विचारून बघा, स्कोअर पाठ असतो. (त्याच स्पर्धेत आपल्या महिला हॉकी टीमनं सुवर्ण जिंकलं होतं. ते मात्र कुणाला पाठ नसतं.)

गोलपोस्टमध्ये होते मीर रंजन नेगी. सात गोल त्यांच्यातून गेले, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून दोषी एकच माणूस. पैसे खाल्ले, विकला गेला, पाकिस्तानला फितूर झाला. पुरावा काय? काही नाही. ना तेव्हा, ना नंतर. पण त्यांचं आंतरराष्ट्रीय करिअर तिथेच संपलं.

शाहरुखच्या 'चक दे इंडिया'मधल्या कबीर खानमागे नेगींची गोष्ट आहे असं म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेल. सिनेमातल्या नट्यांना हॉकी शिकवायलाही नेगीच होते. पण एक बदल बघा. सिनेमातला कबीर खान गोली नाही. तो कॅप्टन आहे, फॉरवर्ड आहे, शेवटचा पेनल्टी स्ट्रोक चुकवतो. सिनेमाच्या सोयीसाठी तसं केलं असेल, मला मान्य आहे. फक्त मूळ गोष्टीतला बोचणारा भाग त्यात निघून गेला. स्ट्रोक चुकवणाऱ्याची चूक सरळ दिसते. सात गोल खाणाऱ्या गोलीच्या पुढे मात्र दहा माणसं असतात. बॉल त्या दहा जणांना ओलांडून आलेला असतो.

आमच्या फाउंड्री क्लायंटकडे एक प्रकार कायम होतो. कास्टिंग गिऱ्हाइकाकडं जातं, तिकडं मशीनिंग केल्यावर आत ब्लो होल निघतो, म्हणजे हवेचा फुगा राहिलेला. लॉट परत येतो. पहिला फोन कुणाला? फायनल इन्स्पेक्शनला. "तुला दिसलं नाही का?" अरे, आतला फुगा बाहेरून बघून कसा दिसेल? सँडमध्ये ओल जास्त होती का, कोअर नीट भाजला होता का, मेटल ओतताना तापमान किती होतं, हे सगळं त्याच्या टेबलावर पीस यायच्या आधी घडून गेलेलं असतं. म्हणून तर ऑटोवाले गिऱ्हाईक 'फाइव्ह व्हाय' मागतात. का? मग ते का? असं पाच वेळा. पहिल्या 'का' ला इन्स्पेक्टर सापडतो. पाचव्याला बहुतेक वेळा साहेब सापडतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी दुसऱ्यावरच थांबतात.

१९८२ चा 'पाच वेळा का' लावून बघू. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

आपली जुनी हॉकी म्हणजे पाच-तीन-दोन. पुढे पाच फॉरवर्ड, मध्ये तीन हाफ, मागे दोन फुलबॅक, आणि गोली. अर्धी टीम गोल मारायलाच. आणि ते चालायचं! १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारतानं २९ गोल मारले आणि एकही खाल्ला नाही. १९५६ ला मेलबर्नमध्ये ३८ मारले, खाल्ले पुन्हा शून्य. फायनल पाकिस्तानविरुद्ध १-०. तेव्हा गोली होते शंकर लक्ष्मण. १९६० ला रोममध्ये पाकिस्ताननं आपल्याला १-० हरवलं आणि १९६४ ला टोकियोत आपण त्याच फरकानं ते फेडलं. त्या काळात डिफेन्स वेगळा शिकवायची गरजच वाटली नसणार. बॉल आपल्याच पाच जणांकडं असेल तर समोरचा गोल मारणार कधी?

दोन गोष्टींनी हे मोडलं. पहिली टर्फ. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकला हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली. आदल्याच वर्षी क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ हरवून वर्ल्ड कप जिंकलेला भारत तिथं सातवा आला. गवतावर बॉल उड्या मारतो, तो थांबवायला, फिरवायला हातात कला लागते. टर्फवर बॉल सरळ आणि सुसाट जातो. तिथं पळायची ताकद, जोरदार पास आणि जागा अडवणं या गोष्टींना भाव आला. युरोपवाले आणि ऑस्ट्रेलियन यात पुढं गेले. आपली पोरं मात्र नंतर कित्येक वर्षं माती-गवतावर शिकून थेट मोठ्या स्पर्धेत टर्फवर उतरत राहिली. मध्ये १९८० चं मॉस्कोचं सुवर्ण आहे, स्पेनला ४-३ हरवून. आनंदच आहे. पण त्या वर्षी बहिष्कारामुळं पाकिस्तान, नेदरलँड्स, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रेलिया कुणीच नव्हतं. त्यामुळं तेव्हा प्रश्न सुटला असं वाटलं. तो झाकला गेला होता.

दुसरी गोष्ट ऑफसाइडची. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हॉकीनं ऑफसाइडचा नियम काढून टाकला. तुमच्यातले फुटबॉलवाले लगेच ओळखतील हे किती मोठं आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मॅच बघणाऱ्याला ऑफसाइड शिकवावा लागत नाही. कल्पना करा, पीटीएम-खंडोबा मॅच चालू आहे आणि एक फॉरवर्ड सरळ गोलीच्या शेजारी जाऊन उभा राहिलाय, रेफ्री काही म्हणत नाही. जुन्या फुलबॅकची अर्धी हुशारी लाईन पुढं ढकलून समोरच्याला ऑफसाइडमध्ये पकडण्यात होती. ती एका नियमात गेली. आता प्रत्येक माणसाला कुणीतरी चिकटून हवं, आणि ही चिकटायची सुरुवात फॉरवर्डपासून हवी.

म्हणजे ८२ चे सात गोल एका माणसाच्या हातातून निसटले नव्हते. सहा वर्षं आधीच बदललेल्या खेळाशी आपण जुळवून घेतलं नव्हतं, हे पाचव्या 'का' चं उत्तर. पण त्या उत्तराला चेहरा नाही. शिव्या द्यायला चेहरा लागतो.

आता कुणी म्हणेल, हरल्यावर राग येणारच. मान्य. पण आपल्याकडं जिंकल्यावरही हेच झालंय. १९९८ चे बँकॉक एशियन गेम्स. कॅप्टन धनराज पिल्ले, आपल्या पुण्याच्या खडकीचा. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेला, वडील तिथं मैदान सांभाळायचे. फायनलला दक्षिण कोरियाशी बरोबरी आणि मग पेनल्टी शूटआऊट. गोली आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा राहिला. ३२ वर्षांनी एशियन गेम्सचं सुवर्ण. आणि त्या टीमच्या गोलकीपरांना तयार करणारे होते मीर रंजन नेगी. सोळा वर्षांनी. २००२ ला महिला टीमनं कॉमनवेल्थचं सुवर्ण जिंकलं तेव्हाही ते गोलकीपिंग कोच होते.

पण बँकॉकहून परत आल्यावर काय झालं? खेळाडूंच्या पैशांबद्दल बोलणारा धनराज, शूटआऊट जिंकून देणारा बल्लाळ आणि आणखी काही सीनिअर टीमच्या बाहेर. फेडरेशनचा शब्द होता 'विश्रांती'. कोच एम. के. कौशिक यांचंही पद गेलं. सुवर्ण जिंकून नोकरी जाण्याचा हा प्रकार आयटीत काम करून मला नवा राहिलेला नाही, तरी हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो.

दोन वर्षांनी सिडनी. धनराज परत आला होता. शेवटच्या गटसामन्यात पोलंडला हरवलं की सेमीफायनल. आपण १-० पुढं. जेमतेम दोन मिनिटं उरलेली, आणि पोलंडनं बरोबरी केली. संपलं. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, पण नंतर ते व्हिडिओ इतक्या वेळा बघितलेत की आठवण माझीच वाटते. धनराज रडतोय.

सिडनीनंतर 'शेवटच्या मिनिटाला गोल खाणारी टीम' हा शिक्का बसला तो बसलाच. २००३ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत हॉलंडविरुद्ध ३-० पुढं असून ३-४ हरलो. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये भुवनेश्वरला, घरच्या मैदानावर, न्यूझीलंडविरुद्ध ३-१ पुढं होतो. ३-३ झाले, शूटआऊटमध्ये बाहेर.

लोक म्हणतात आपल्या पोरांचं काळीज शेवटी कच्चं पडतं. मला हे पटत नाही. एवढ्या वर्षांत खेळाडूंच्या तीन पिढ्या बदलल्या. सगळ्यांचं काळीज एकाच मिनिटाला कसं कच्चं पडेल? जिंकत असताना शेवटची दहा मिनिटं बॉल कुठं ठेवायचा, कुणी मागं थांबायचं, कुणी पुढं दाबत राहायचं, ही शिकवायची गोष्ट आहे. आणि शिकवायला एकच माणूस काही वर्षं जागेवर लागतो.

इथं खरी गंमत आहे. २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये मुंबईच्या सेड्रिक डिसूझांना स्पर्धा चालू असताना काढलं. मध्येच! २००४ ला अथेन्स ऑलिम्पिक तोंडावर असताना राजिंदर सिंगांना काढून जर्मनीचे गेऱ्हार्ड राख आणले. खेळाडूंची नावं पाठ होईपर्यंत ऑलिम्पिक संपलं असेल. मार्च २००८ ला चिलीत ग्रेट ब्रिटनकडून ०-२ हरलो आणि ८० वर्षांत पहिल्यांदा ऑलिम्पिकला पात्रच ठरलो नाही. कोच मुंबईचे जोकिम कार्व्हालो, त्यांनी राजीनामा दिला. मग स्पेनचे ब्रासा, ऑस्ट्रेलियाचे नॉब्स (त्यांच्या काळात लंडन २०१२ ला आपण बारावे, म्हणजे शेवटचे), वॉल्श, मग हॉलंडचे वान आस, ओल्टमन्स, मारिने, मध्ये आपले हरेंद्र सिंग, मग ग्रॅहम रीड. वॉल्श यांनी २०१४ ला एशियन गेम्सचं सुवर्ण मिळवून दिलं आणि त्याच महिन्यात राजीनामा दिला. वान आस काही महिनेच टिकले.

प्रत्येक नवा कोच डिफेन्सची आपली पद्धत आणतो. कुणी माणसाला माणूस लावतो, कुणी जागा वाटून देतो. आमच्याकडं दर दीड वर्षाला नवा टेक लीड येतो आणि जुना कोड फेकून नव्यानं लिहू म्हणतो, तसलंच. अर्धा कोड जुन्याचा, अर्धा नव्याचा, आणि बग नेमका दोन्हींच्या सांध्यात.

आता मला माझी एक गोष्ट कबूल करायची आहे.

२५ जुलै २०२१, रविवार. पंचगंगेचा पूर. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेवर पाणी, वाहतूक बंद. कंपनी बंद, आम्ही सगळे घरात. टोकियो ऑलिम्पिक चालू होतं, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. फोनला नेट येत-जात होतं. दर वेळी नेट आलं की स्कोअर वाढलेला. शेवटी १-७.

एकाला सात. ८२ चाच आकडा.

मी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'श्रीजेशला काढा. संपलाय तो. कोचलापण पाठवा परत.' तेवीस लोकांनी अंगठे दिले. गोलीही त्या ग्रुपवर आहे. त्यानं काही लिहिलं नाही.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. रीडना कुणी काढलं नाही, श्रीजेशला कुणी बसवलं नाही. दोन दिवसांनी स्पेनला ३-० हरवलं. मग अर्जेंटिना, जपान, ग्रेट ब्रिटन. सेमीफायनल बेल्जियमकडून हरलो. आणि ५ ऑगस्टला, म्हणजे त्या १-७ नंतर अकराव्या दिवशी, जर्मनीविरुद्ध १-३ मागं असताना ५-४. सहा सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. पेनल्टी कॉर्नरला आपले गोलीसकट पाचच जण गोललाईनवर असतात, बाकीचे मैदानाच्या अर्ध्याच्या पलीकडं. श्रीजेशनं अडवला. ४१ वर्षांनी मेडल.

स्कोअर तोच, देश तोच. १९८२ ला आपण एका माणसाला देशद्रोही ठरवलं. २०२१ ला ड्रेसिंग रूममध्ये कुणीतरी शांतपणे व्हिडिओ बघितला असणार आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला गेले असणार. फरक टीमनं केला. आम्ही ग्रुपवाले होतो तिथंच होतो.

२०२३ च्या वर्ल्ड कपनंतर रीड गेले आणि फुल्टन आले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, जिंकायचं तर आधी बचाव. पाच फॉरवर्डवर वाढलेल्या आपल्या देशाला हे ऐकायला कसंतरीच वाटतं. मलाही वाटलं. मग ४ ऑगस्ट २०२४, पॅरिस, ग्रेट ब्रिटनविरुद्ध क्वार्टर फायनल. तीनच दिवसांपूर्वी राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे नेमबाजीत ब्राँझ घेऊन बसलेला, त्यामुळं कोल्हापूर आधीच हवेत होतं. १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड. रोहिदास म्हणजे पेनल्टी कॉर्नरला सर्वात आधी बॉलवर धावून जाणारा, स्वतःच्या अंगावर बॉल घेणारा माणूस. तोच बाहेर. साठपैकी चाळीसच्या वर मिनिटं दहा जणांनी काढायची.

ती मॅच परत बघा, पण एकदा बॉलकडं न बघता बघा. फॉरवर्ड मागं येऊन जागा भरतायत. प्रत्येक जण एकेक पाऊल शेजाऱ्याच्या जागेत सरकलाय. १-१ सुटली आणि शूटआऊट ४-२. पेपरात दुसऱ्या दिवशी फोटो श्रीजेशचा, आणि तो हवाच. पण त्याच्यापर्यंत बॉल येताना दर वेळी समोर कुणीतरी उभं होतं. रोहिदास सेमीफायनललाही नव्हता, ती जर्मनीकडून २-३ गेली. मग स्पेनला २-१ हरवून ब्राँझ.

त्याच कोचची, बरीचशी त्याच खेळाडूंची टीम जून २०२५ ला सात मॅच ओळीनं हरली. श्रीजेश निवृत्त झालेला, नवे गोली, नव्या जोड्या. आठव्या मॅचला बेल्जियमला ४-३ हरवलं. सप्टेंबरमध्ये राजगीरला कोरियाला ४-१ हरवून आशिया कप आणि वर्ल्ड कपचं तिकीट. माझी तक्रार संपलेली नाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये मिडफिल्डमधून बॉल फार स्वस्तात जातो, हे मी आजही म्हणेन. पण फुल्टनना हाकला असं म्हणणार नाही. निदान आता लगेच नाही.

आणि गोली. शाळेत असताना आम्ही आंतरशालेय स्पर्धेत एक मॅच १-२ हरलो होतो. दुसरा गोल अगदी शेवटी. सगळ्यांनी त्याला धुतलं. सरांनी, पोरांनी, मीही. पुढच्या वर्षी तो टीममध्ये आला नाही. मी त्या टीमचा फुलबॅक होतो. तो गोल झाला तेव्हा मी समोरच्या डीमध्ये होतो, कारण मला गोल मारायचा होता. माझ्या जागेवर कुणीच नव्हतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

हा एपिसोड रेकॉर्ड करायच्या आदल्या दिवशी टपरीवर त्याला सांगितलं. त्यानं चहाचा ग्लास ठेवला.

"मला काय दिसत नव्हतं व्हय? गोलीला सगळं ग्राउंड दिसतंय."

मग म्हणाला, लॉट परत आलाय, फाइव्ह व्हायचा फॉरमॅट तुझ्या सिस्टिममध्ये चारच ओळी घेतोय, पाचवी सेव्ह होत नाही. ते जरा बघ.

बघितलं. खरंच होत नव्हती. सोमवारी दुरुस्त करून टाकली.

पुढच्या भागात टर्फवर बोलू. भेटू.